परत देता आलं पाहिजे

दिवाळीला बाळापूरच्या घरी सगळे जमलो होतो. जेवणं झाल्यावर चुलत बहीण सहज म्हणाली, "मी एखादं मूल सांभाळायला घ्यायचं म्हणते. काही वर्षांसाठी."

एकदम शांतता! मग सुरू झालं. "लग्न नाही केलं, आता मूल?" "घ्यायचंच तर दत्तक घे, नाव तरी लागेल." "उद्या त्याची माय आली न्यायला, तर?"

मी गप्प बसले. तिथे बोलता आलं नाही ते इथे लिहितेय. वाचाल तेव्हा रागावू नका.

लग्नाचं उत्तर सोपं आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ४४ व्या कलमानुसार बाल कल्याण समिती मुलाला काही काळ दुसऱ्या कुटुंबात ठेवू शकते. कुटुंब निवडताना बघायचं ते कुवत, हेतू आणि मुलं सांभाळल्याचा अनुभव. पूर्वी ही मुभा फक्त जोडप्यांना होती. २०२४ च्या केंद्राच्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी अविवाहित, विधवा, घटस्फोटित अशा एकट्या माणसांनाही दार उघडलं. एकट्या बाईला मुलगा किंवा मुलगी सांभाळता येते, एकट्या पुरुषाला फक्त मुलगा. तेव्हा तो मुद्दा निकालात निघाला.

आता नाव. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, वझ्झरला, शंकरबाबा पापळकरांनी १२३ बेवारस, दिव्यांग मुलांना स्वतःचं नाव दिलं. २०२४ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या मुलांना नाव द्यायला दुसरं कोणी नव्हतंच. बहीण म्हणते त्या मुलाला मात्र बरेचदा आई असते. आजारी असेल, तुरुंगात असेल, पण असते. समितीने मनाई केली नसेल तर ती भेटायलाही येऊ शकते. घर सावरलं की मूल परत जातं. तिथे आपलं नाव न लावणं हेच काम.

राहिला तिसरा प्रश्न. तोच खरा.

मी सात वर्षांची असताना आई दीड वर्ष आजारी होती आणि मी इथे, थोरल्या काकूकडे. काकूला मूल नव्हतं. एकदा मी तिला चुकून "आई" म्हटलं. ती म्हणाली, "मी काकू आहे माय. तुही आई तुही वाट पायते." दर रविवारी ती मला आईला पोस्टकार्ड लिहायला बसवायची. आई न्यायला आली तेव्हा काकूनेच माझी पिशवी भरली, हसत. त्यानंतर बरेच दिवस ती पानं तीनच मांडायची, हे काकांनी मला फार उशिरा सांगितलं.

माझ्या मते असं मूल कोण सांभाळू शकतं, तर ज्याला ते पोस्टकार्ड लिहून घेता येईल तो. नव्या सूचनांप्रमाणे दोन वर्षांनंतर, मूल कायद्याने मोकळं असेल तर, त्याच कुटुंबाला दत्तकही घेता येतं. चांगलंच आहे. पण पहिल्या दिवसापासून डोळा त्यावर असेल, तर ती दत्तकाची रांग चुकवणं झालं. मग मुलाच्या आईची प्रत्येक भेट आपल्याला खुपणार, आणि ते त्या मुलाला कळणार. मुलांना सगळं कळतं.

निघताना बहिणीला एवढंच विचारलं, "पानं तीन मांडशील ना, नंतरही?"

ती लगेच हो म्हणाली नाही. म्हणाली, "विचार करते." मला ते उत्तर आवडलं.