खो केव्हा द्यावा?

मुलामुलींनो, जालन्याकडे शाळेच्या मैदानावर खो-खोत एक चूक हमखास दिसते. चपळ गडी एकटाच धावतो आणि दमतो. अरे, पाटीवर बसलेले आठजण कशासाठी? पाठलाग करणाऱ्याला दिशा बदलता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही. खांबाला वळसा घातला तरच बाजू बदलते. म्हणून पळणारा पलीकडे गेला की, तिकडे तोंड करून बसलेल्याला मागून हात लावून मोठ्याने ‘खो’ द्यावा. बसलेल्याने आधीच उठू नये, फाऊल होतो.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिल्या विश्वचषकात आपल्या महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळेच्या संघाने नेपाळला ७८-४० असे हरवले. आईवडिलांनो, संध्याकाळी पोरीला पाण्याच्या हंड्यातून तासभर मोकळी करा. नऊ जणी जमल्याशिवाय हा सराव होत नाही.