विश्लेषण : क्लाउडफ्लेअर अडखळले की एक्स, चॅटजीपीटी का बंद पडतात?

१८ नोव्हेंबर २०२५ रोजी संध्याकाळी पाचच्या सुमारास अनेकांनी वायफाय बंद-चालू करून पाहिले, फोन रीस्टार्ट केला, पण एक्स आणि चॅटजीपीटी काही उघडेनात. कोणती सेवा बंद आहे हे सांगणारे डाउनडिटेक्टर हे संकेतस्थळही अडखळत होते. त्यानंतर १७ दिवसांनी, ५ डिसेंबरला भर दुपारी शेअर बाजार सुरू असताना झिरोधा आणि ग्रोवर व्यवहार करणाऱ्यांना असाच अनुभव आला. दोन्ही वेळा बिघाड क्लाउडफ्लेअर या अमेरिकी कंपनीत होता. हा सायबर हल्ला नव्हता. कंपनीच्याच अभियंत्यांनी केलेल्या किरकोळ बदलातून तो झाला होता.

सीडीएन म्हणजे काय?

क्लाउडफ्लेअर ही ‘कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क’ म्हणजे सीडीएन चालवते. किराणा घ्यायला कोणी दर वेळी वाशीच्या घाऊक बाजारात जात नाही, कोपऱ्यावरच्या दुकानातून घेतो. सीडीएनचे काम तसेच आहे. संकेतस्थळाचा मूळ सर्व्हर अमेरिकेत असला, तरी त्यावरील छायाचित्रे आणि पाने यांची प्रत मुंबईसारख्या शहरात ठेवलेली असते. त्यामुळे पान झटकन उघडते.

सीडीएनचे दुसरे काम रखवालदाराचे. येणारी व्यक्ती खरी आहे की बॉट, विनंतीत काही घातक दडले आहे का, हे ती दारातच तपासते. क्लाउडफ्लेअरचे जाळे ३०० हून अधिक शहरांत आहे आणि जगातील साधारण २० टक्के संकेतस्थळे या दारातून जातात. दारच अडले, की आतले दुकान सुरू असूनही ग्राहक बाहेरच राहतो.

एरवीची देखभाल कोणाच्या लक्षात का येत नाही?

एखाद्या शहरातील केंद्र दुरुस्तीसाठी बंद ठेवणे ही सीडीएन कंपन्यांची नेहमीची बाब आहे. त्याची सूचना आधीच प्रसिद्ध होते. जाळ्यातील सर्व केंद्रे एकाच पत्त्यावर उत्तर देत असल्याने एक केंद्र बंद झाले, की वाहतूक आपोआप दुसऱ्या शहराकडे वळते. वापरकर्त्याला फार तर पान किंचित सावकाश उघडल्यासारखे वाटते. यंत्र बिघडणे, केबल तुटणे, वीज जाणे यांसाठी ही व्यवस्था सज्ज असते. पण एकच चूक सगळ्या शहरांत एकाच वेळी पोहोचली, तर वाहतूक वळवायला जागाच उरत नाही.

१८ नोव्हेंबरला काय बिघडले?

त्या दिवशी एका डेटाबेसमधील परवानग्यांत बदल करण्यात आला. त्यामुळे बॉट ओळखण्यासाठी लागणाऱ्या फाइलमध्ये तीच माहिती पुन्हा येऊ लागली आणि फाइल दुप्पट झाली. ही फाइल दर पाच मिनिटांनी नव्याने तयार होऊन जगभरच्या केंद्रांना जाते. ती वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला २०० नोंदींची मर्यादा होती. ती ओलांडताच सॉफ्टवेअर कोसळले आणि ‘एरर ५००’ दिसू लागला.

गोंधळ वाढला तो वेगळ्याच कारणाने. डेटाबेसमधील बदल टप्प्याटप्प्याने होत असल्यामुळे कधी चांगली फाइल तयार होई, कधी सदोष. सेवा सुरू होई, पुन्हा बंद पडे. त्यामुळे अभियंत्यांना सुरुवातीला हल्ल्याचाच संशय आला. अखेर जुनी फाइल बसवल्यावर भारतीय वेळेनुसार रात्री आठच्या सुमारास बहुतांश वाहतूक सुरळीत झाली. सर्व यंत्रणा पूर्ववत व्हायला साडेदहा वाजून गेले.

५ डिसेंबरचा बिघाड वेगळा होता का?

कारण वेगळे, धडा तोच. संकेतस्थळे बनवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘रिअ‍ॅक्ट’मध्ये गंभीर त्रुटी सापडली होती. ग्राहकांना तिच्यापासून वाचवण्यासाठी क्लाउडफ्लेअरने तपासणीत बदल केला. मुख्य बदल टप्प्याटप्प्यानेच सुरू होता. मात्र त्यात अडचण ठरणारे एक अंतर्गत चाचणी साधन बंद करण्याची सूचना काही सेकंदांत संपूर्ण जाळ्यावर गेली आणि जुन्या कोडमध्ये दडलेला दोष उघडा पडला. सुमारे २५ मिनिटे कंपनीच्या २८ टक्के वाहतुकीला फटका बसला.

अशा घटना यापूर्वीही घडल्या आहेत. २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअरच्याच सुरक्षा नियमातील एका सदोष ओळीने जगभरच्या सर्व्हरचे प्रोसेसर व्यापून टाकले होते. ८ जून २०२१ रोजी फास्टली या कंपनीच्या एका ग्राहकाने सेटिंग बदलले, तेही रीतसर. पण महिन्याभरापूर्वी आलेल्या सॉफ्टवेअरमधील दोष त्यामुळे जागा झाला आणि जाळ्याचा ८५ टक्के भाग एरर देऊ लागला.

मग बदल सावकाश का करत नाहीत?

खरा पेच इथेच आहे. नवे सॉफ्टवेअर आधी मोजक्या केंद्रांवर तपासून मग सर्वत्र नेता येते. पण हल्लेखोर नवी त्रुटी काही तासांत वापरू लागतात. रखवालदाराला ताजी माहिती तातडीने मिळाली नाही, तर चोर आत शिरतो. घाईने दिलेली माहिती चुकली, तर दारच बंद होते. डिसेंबरमधील बिघाडानंतर क्लाउडफ्लेअरने सेटिंगमधील बदलही टप्प्याटप्प्याने नेण्याचे जाहीर केले.

दोन सीडीएन ठेवणे हा संकेतस्थळांपुढील पर्याय आहे. मोठ्यांना तो परवडतो, छोट्यांना नाही. शिवाय १८ नोव्हेंबरला क्लाउडफ्लेअरच्या नियंत्रण पॅनेलमध्ये लॉगिन करणेच अनेक ग्राहकांना अशक्य झाले होते. किल्ली घरातच राहावी आणि दार बाहेरून लागावे, तशी ही अवस्था.

वापरकर्त्यांनी काय करावे?

पानावर ‘एरर ५००’ आणि सीडीएनचे नाव दिसले, तर दोष फोनचा किंवा वायफायचा नसतो. अ‍ॅप काढून टाकू नये, पासवर्ड बदलत बसू नये. पैसे भरताना पान अडकले, तर पुन्हा भरण्याआधी खात्यातून रक्कम गेली का ते पाहावे. शेअर बाजारात व्यवहार करणाऱ्यांनी ब्रोकरची पर्यायी सोय कोणती, हे आधीच विचारून ठेवावे. आणि ‘मोठा सायबर हल्ला झाला’ असे फॉरवर्ड आले, तर ते पुढे पाठवण्याआधी थोडे थांबावे. १८ नोव्हेंबरला तर खुद्द कंपनीच्या अभियंत्यांचाही अंदाज सुरुवातीला चुकला होता.