पाकिटाचे कोडे आणि गणिताची भीती

मी इतिहासाचा शिक्षक. गणितावर लिहिणे हा माझा अनधिकार वाटेल. तथापि वसतिगृहाच्या सायंकालीन अभ्यासिकेत एक गोष्ट मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. ज्याच्या घरात आधी कोणी शाळा पाहिलेली नाही, असे मूल गणिताची वही उघडताच आक्रसून बसते; तेच मूल पेन्सिल न उचलता पाकीट काढण्याच्या कोड्यात तासभर रमते. हे कोडेही गणितच आहे, हे त्याला कोणी सांगत नाही.

या गणिताचे नाव आलेख सिद्धांत. येथील आलेख चौकटीच्या कागदावरचा नव्हे. काही बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा, एवढेच. कोण कोणाशी जोडलेले आहे, हे येथे महत्त्वाचे. १७३६ साली ऑयलरने क्योनिग्सबर्ग नगरातील सात पुलांच्या प्रश्नातून त्याचा पाया घातला. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सर्व पूल फिरता येतील का? वाटेतल्या ठिकाणी जितक्यांदा शिरावे, तितक्यांदा बाहेर पडावे लागते. म्हणून विषम वाटांची ठिकाणे फार तर दोनच, आरंभाचे आणि शेवटचे, असू शकतात. तेथे चारही ठिकाणे विषम होती. बंद पाकिटाच्या चारही कोपऱ्यांतून तीन-तीन रेषा निघतात. म्हणून तेही अशक्य. वरची झडप उघडी काढली की वरचे दोन कोपरे सम होतात आणि कोडे सुटते.

नगरहून शेवगाव, पाथर्डी, जामखेडकडे जाणाऱ्या एसटीचे मार्ग, मोबाइलवर दिसणारा जवळचा रस्ता, कमीत कमी नळ टाकून सर्व वस्त्यांना पाणी पोहोचवणे, परीक्षेचे वेळापत्रक, या सर्वांमागे हाच विचार आहे.

या शास्त्रात एक मराठी नावही कायमचे कोरले गेले आहे. शरच्चंद्र श्रीखंडे (१९१७–२०२०) यांच्या नावाच्या आलेखात १६ बिंदू असून प्रत्येक बिंदू सहांशी जोडलेला आहे; कोणतेही दोन बिंदू घ्या, त्यांचे समाईक शेजारी नेमके दोनच. याच श्रीखंडे यांनी राजचंद्र बोस व ई. टी. पार्कर यांच्यासह १९५९ मध्ये ऑयलरचे १७८२ मधील एक अनुमान चुकीचे ठरवले. थोराने सांगितले म्हणून मानू नये, तपासून पटले तर मानावे, ही शिकवण आपल्याला नवी नाही. गणितात ती रोज आचरावी लागते.

म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे की, सूत्रांच्या आधी मुलांच्या हाती असे प्रश्न द्यावेत. त्यास प्रयोगशाळा लागत नाही, पाटी-पेन्सिल पुरते. अभियंते, शिक्षक झालेल्या माजी विद्यार्थ्यांनी एखादी संध्याकाळ अभ्यासिकेत यावे आणि पाकीट का सुटत नाही, एवढेच विचारावे. 'का' हा प्रश्न ज्या मुलाने स्वतः सोडवला, ते गणिताला पुन्हा भिणार नाही.