द्राक्षं खा, पण कॅन्सरचं औषध म्हणून नको

काळ्या द्राक्षांत कॅन्सर रोखणारं द्रव्य असतं, असं तुमच्याही कानावर आलं असेल. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. आणि उरलेलं अर्धं ठाऊक नसेल, तर वाइन आणि कॅप्सूल विकणाऱ्याचं चांगलंच फावतं.

द्रव्याचं नाव रेस्वेराट्रॉल. निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराला ते लगेच समजेल. डावणीसारखी बुरशी चढली की वेल स्वतःच्या बचावासाठी काही द्रव्यं तयार करते, त्यांतलंच हे एक. ते मुख्यतः सालीत असतं. लाल वाइन सालीसकट आंबवतात, म्हणून तिच्यात ते उतरतं. 1997 मध्ये शिकागोच्या जॉन पेझुटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिलं की, हे द्रव्य उंदरांच्या कातडीवर लावलं तर तिथे होणाऱ्या गाठी कमी होतात. सगळा गाजावाजा तिथून वाढला.

उंदराच्या कातडीवर लावणं वेगळं आणि माणसानं गिळणं वेगळं. पोटात गेलेलं रेस्वेराट्रॉल आतडी आणि यकृत झपाट्यानं बदलून टाकतात. मूळ रूपात रक्तात पोचतं ते नाममात्र. माणसांवरच्या प्रयोगांत ते दिवसाला काही ग्रॅमपर्यंत दिलं गेलं. आता हिशेब करा. लाल वाइनच्या एका लिटरमध्ये 5 मिलिग्रॅम जरी धरलं, तरी 1 ग्रॅमसाठी 200 लिटर वाइन लागेल! द्राक्षांच्या पेट्या किती लागतील, ते विचारूच नका. इटलीतला कियांती हा वाइनचाच मुलूख. तिथल्या 783 वयस्कर माणसांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि 2014 मध्ये निष्कर्ष आला: आहारातून जास्त रेस्वेराट्रॉल मिळणाऱ्यांना कॅन्सर कमी झाला नाही, हृदयविकारही नाही.

म्हणून नाशिककरांनो, ‘तब्येतीसाठी’ म्हणून वाइन सुरू करू नका. आपल्या जिल्ह्यात चांगली वाइन बनते, त्याचा अभिमान जरूर असावा. पण मद्य स्वतःच कॅन्सरला कारण ठरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं ते 1988 मध्येच ठरवलं. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, स्तन, आतडी या सगळ्यांना त्याचा धोका आहे, आणि वाइनमधलं मद्य काही वेगळं नसतं.

कॅप्सूलचंही तेच, किंबहुना जास्त जपून. रक्ताच्या एका कॅन्सरच्या रुग्णांना रेस्वेराट्रॉलचे मोठे डोस दिले होते. काहींच्या मूत्रपिंडांना इजा झाली आणि चाचणी थांबवावी लागली. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्यांना गाजरातलं बीटा-कॅरोटीन गोळ्यांतून दिलं, तर 1994 मध्ये कळलं की त्यांच्यात फुप्फुसाचा कॅन्सर उलट वाढला. गाजर खाल्ल्यानं असं होत नाही. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल किंवा केमो चालू असेल, तर कुठलंही ‘नैसर्गिक’ औषध डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नका.

वनस्पतींत काही नाही, असं कुणी समजू नये. अंगणातल्या सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टीन मिळालं आणि ते आजही लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर देतात. पण ते शुद्ध करून, तोलून, शिरेतून. सदाफुलीची पानं चावणं धोक्याचं आहे, तेवढं मात्र करू नका.

खरं काम वेगळंच आहे आणि त्याला कॅप्सूलइतकेही पैसे लागत नाहीत. गुटखा, तंबाखू-चुना, मशेरी, सुपारी सोडा. सुपारीत तंबाखू नसली तरी ती कॅन्सरला कारण ठरते, हे पुष्कळांना माहीतच नसतं. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसत असेल, जखम दोन-तीन आठवड्यांत भरत नसेल, तोंड पूर्वीसारखं उघडत नसेल, तर थांबू नका. वय तीसच्या पुढे असेल, तर सरकारी आरोग्य केंद्रात तोंडाची तपासणी करून घ्या. बायांनी स्तन आणि गर्भाशयमुखाचीही करून घ्यावी. घरच्या कामापायी ती वर्षानुवर्षं मागे पडते. मशेरी लावणाऱ्या आजीलाही सोबत न्या.

आणि द्राक्षं? ती खुशाल खा, काळी असोत की हिरवी. स्वच्छ धुवून, सालीसकट. मधुमेह असेल तर मोजकीच.