ओल पाच सेंटिमीटरच्या खाली असते

मी सॉफ्टवेअरवाला आहे, म्हणून स्पष्टच बोलतो: नकाशा लाल झाला म्हणजे दुष्काळ कळला, असं नसतं. नासाचा ‘स्मॅप’ हा 2015 मध्ये सोडलेला उपग्रह मातीच्या वरच्या साधारण 5 सेंटिमीटरमधलाच ओलावा थेट टिपतो. पिकाची मुळं त्याहून खोल जातात.

जैसलमेरमध्ये वर्षाला सरासरी फारच कमी पाऊस पडतो. तरी तिथले शेतकरी कित्येक शतकं ‘खडीन’ करत आलेत. उतारावरून वाहणारं पाणी मातीच्या बांधाने अडवायचं, जिरवायचं आणि त्या ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा घ्यायचा.

वाळवंटात किती पडलं यापेक्षा मुळांपाशी किती उरलं, ते मोजा. डॅशबोर्ड जरूर बनवा; पण आधी फुटके बांध दुरुस्त करायला पैसे द्या. ॲप ओल दाखवेल, धरून ठेवेल तो बांधच.