गॉल्फचा हिशेब व विद्यार्थ्याची वही

मैदानावर शरीराचा जसा कस लागतो तसाच शीलाचाहि लागतो, हें वाक्य वक्तृत्वस्पर्धेंत आपण इतक्या वेळां ऐकतों कीं त्याचा अर्थ तपासून पाहण्याची कोणास आठवण राहत नाहीं. तो अर्थ या लेखांत तपासावा असा आमचा विचार आहे. आणि त्याकरितां आम्हीं मुद्दामच असा खेळ निवडला आहे कीं ज्याचें मैदान आपल्या वडगाव रासाईंत नाहीं. तो खेळ म्हणजे गॉल्फ.

आपल्या भीमाकांठीं दृष्टि जाईल तिकडे ऊंस उभा असतो. गॉल्फचें मैदान पाहावयाचें तर पुण्यास येरवड्याकडे जावें लागतें. म्हणून प्रथम खेळाची थोडक्यांत ओळख करून देतों. लहानसा कठीण चेंडू काठीनें मारीत मारीत, दूरदूर असलेल्या अठरा खळग्यांत क्रमानें घालावयाचा, आणि तें काम शक्य तितक्या कमी फटक्यांत उरकावयाचें, एवढाच हा खेळ. अठरा खळगे झाले म्हणजे एक फेरी पुरी होते. बहुतेक मोठ्या मैदानांवर एका फेरीस सुमारें ७२ फटके हें प्रमाण मानितात.

"हा श्रीमंतांचा खेळ, आमच्या मुलांस त्याचें काय होय?" असें कोणी पालक विचारतील. खेळ खर्चाचा आहे यांत शंका नाहीं. तथापि १९९१ सालीं इंडियन ओपन जिंकणारे अली शेर हे दिल्लीच्या मैदानावर पूर्वीं दुसऱ्यांच्या काठ्या वाहणारे कॅडी होते. टोकियोच्या ऑलिंपिक सामन्यांत, जे २०२१ सालीं भरले, पुण्याचे उदयन माने भारताकडून खेळले; आणि त्याच सामन्यांत बेंगळुरूच्या अदिति अशोक हिचें पदक अवघ्या एका फटक्यानें हुकून ती चौथी आली. चार दिवस, चार फेऱ्या, आणि अंतर एका फटक्याचें! ज्या खेळांत एका फटक्यास एवढी किंमत, त्यांत प्रत्येक फटक्याचा हिशेब किती कसोशीनें ठेवीत असतील याची कल्पना करावी. आपल्या मुलांनीं गॉल्फ खेळावा असा आमचा आग्रह नाहीं. त्या खेळाचा जो हिशेब आहे तो मात्र त्यांनीं अवश्य शिकावा.

या हिशेबाचें नांव हॅण्डिकॅप. शब्द परका असला तरी कल्पना आपल्या अंगणांतील आहे. मुलें लपंडाव खेळतात तेव्हां धाकट्या भावंडास लिंबूटिंबू करून घेतात; तें बाद झालें तरी त्याच्यावर राज्य येत नाहीं. जत्रेच्या आखाड्यांत पंच मंडळी तोलामोलाची जोड पाहून कुस्ती लावितात. दोन्हींचा हेतु एकच, कीं खेळ न्यायाचा व्हावा. गॉल्फमध्यें हाच न्याय गणितानें साधला आहे. ज्याचा हॅण्डिकॅप २२ आहे त्यानें ५ हॅण्डिकॅपवाल्याशीं सामना केला, तर ढोबळ मानानें त्यास १७ फटक्यांची सूट मिळते. मग नवशिका आणि निष्णात, नातू आणि आजोबा, बरोबरीनें खेळूं शकतात. सूट घेणाऱ्यास त्यांत कमीपणा नाहीं आणि देणाऱ्यास त्यांत उपकार नाहीं, कारण सूट दयेनें ठरलेली नसून नोंदीनें ठरलेली असते.

ती कशी ठरते हें पाहण्यासारखें आहे. २०२० सालापासून जगभर एकच पद्धति सुरू झाली. प्रत्येक मैदानास दोन आंकडे दिलेले असतात. पहिला कोर्स रेटिंग. निष्णात खेळाडूस तेथें सामान्यतः किती फटके लागावे तें तो सांगतो. दुसरा स्लोप, तेंच मैदान सामान्य खेळाडूस निष्णाताच्या मानानें किती अधिक जड जातें तें हा दाखवितो. स्लोप ५५ पासून १५५ पर्यंत असूं शकतो, आणि ११३ हें त्याचें मध्यम प्रमाण. आपल्या फटक्यांतून कोर्स रेटिंग वजा करावें, बाकीस ११३ नें गुणावें आणि स्लोपनें भागावें. जें उत्तर येईल तें त्या फेरीचें खरें मोल. शेवटच्या वीस फेऱ्यांचीं अशीं उत्तरें मांडावीं, त्यांतील उत्तम आठांची सरासरी काढावी, तोच हॅण्डिकॅप.

विद्यार्थ्यांनीं एक उदाहरण कागदावर सोडवून पाहावें. एका खेळाडूस ७० रेटिंग व ११३ स्लोप असलेल्या सोप्या मैदानावर ९२ फटके लागले. उत्तर बरोबर २२ येतें. त्यासच ७२ रेटिंग व १३० स्लोप असलेल्या कठीण मैदानावर ९७ फटके लागले. उत्तर सुमारें २१.७ येतें. या खेळांत लहान आंकडा तो चांगला. म्हणजे वरवर पाहतां पांच फटके अधिक लागलेली दुसरी फेरीच वस्तुतः सरस ठरली!

असा हिशेब पूर्वीं पाठीपोठीच्या कागदावर होई. आतां पुष्कळ खेळाडू तो संगणकावरील स्प्रेडशीटमध्यें ठेवितात. स्प्रेडशीट म्हणजे आडव्या ओळी व उभे रकाने असलेलें जिवंत कोष्टक. त्याच्या जन्माची कथा शिक्षकांस विशेष आवडावी अशी आहे. डॅन ब्रिकलिन हे हार्वर्ड येथें विद्यार्थी असतांना त्यांचे अध्यापक फळ्यावर मोठें कोष्टक मांडीत. त्यांतील एक आंकडा बदलला कीं पुढले सर्व पुसून पुन्हां लिहावे लागत. एक आंकडा बदलतांच बाकीचे आपोआप बदलणारा फळा करतां आला तर, असा विचार त्यांच्या मनांत आला. आणि बॉब फ्रँक्स्टन यांच्या साहाय्यानें १९७९ सालीं व्हिझिकॅल्क नांवाचें कोष्टक बाजारांत आलें. आज मोबाइलवरसुद्धां तशीं कोष्टकें फुकट मिळतात. एका रकान्यांत तारीख, पुढें मैदान, रेटिंग, स्लोप, फटके. शेवटच्या रकान्यांत सूत्र. नवी फेरी लिहितांच वीसांतील सर्वांत जुनी गळून पडते व नवी सरासरी दिसूं लागते. गतवर्षींच्या पराक्रमावर जन्मभर जगण्याची सोय या कोष्टकांत नाहीं.

नोंदीचा दुसरा लाभ असा कीं ती लोकसमजास प्रश्न विचारते. गॉल्फमध्यें फार दिवस असा समज होता कीं लांब फटका केवळ दिखाऊ. सामना जिंकावयाचा तो खळग्याजवळच्या हलक्या फटक्यांवर. कोलंबिया विद्यापीठांतील प्राध्यापक मार्क ब्रोडी यांनीं व्यावसायिक खेळाडूंच्या असंख्य फटक्यांच्या नोंदी तपासल्या आणि दाखवून दिलें कीं उत्तम व सामान्य खेळाडूंमधील अंतरापैकीं सुमारें दोनतृतीयांश अंतर दूरच्या फटक्यांनीं पडतें. नुसते हलके फटके मोजल्यानें फसगत कां होते हेंहि त्यावरून कळतें. ज्याचा चेंडू मुळांतच खळग्यापाशीं येऊन पडला, त्यास पुढें एकच हलका फटका पुरतो. त्याचें श्रेय शेवटच्या फटक्यास देणें म्हणजे पेरणाऱ्यास विसरून कापणाऱ्यास शाबासकी देणें होय. नोंद ठेवावी, आणि तिचा अर्थहि विचारपूर्वक लावावा.

परंतु कोष्टक कितीहि चतुर असलें तरी त्यांत जें लिहावें त्याचीच तें बेरीज करतें. यंत्र हिशेब करतें, साक्ष देत नाहीं. आणि येथेंच शीलाचा प्रश्न येतो.

हॅण्डिकॅपच्या वहींत खोटें दोन प्रकारांनीं शिरतें. एक खेळाडू वाईट फेऱ्या लिहीतच नाहीं. त्याचा आंकडा सुंदर दिसतो, चारचौघांत मान मिळतो. पण सामन्यांत त्यास सूट कमी मिळते आणि तो हरत जातो. हें गर्वाचें खोटें. दुसरा मुद्दाम वाईट खेळून किंवा चांगल्या फेऱ्या दडवून आपला आंकडा फुगवितो, मग मोठी सूट घेऊन बक्षीस पटकावितो. हें लोभाचें खोटें. या दुसऱ्यास आळा घालण्याकरितां नव्या पद्धतींत असा निर्बंध आहे कीं वर्षभरांतील आपल्या उत्तम आंकड्यापेक्षां हॅण्डिकॅप पांचाहून अधिक चढूं दिला जात नाहीं. निर्बंधानें चोरी थोडी होते. थांबते ती मनानेंच. कारखान्यावर ऊंस तोलतांना कोणी काटा मारला तर आपला संताप होतो, आणि तो योग्यच आहे. मग स्वतःच्या वहींत स्वतःच काटा मारणाऱ्यास काय म्हणावें?

याच्या उलट दोन उदाहरणें देतों. १९२५ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेंत बॉबी जोन्स फटका मारण्याच्या तयारींत असतां त्यांचा चेंडू किंचित् हलला. तें दुसऱ्या कोणास दिसलें नव्हतें. जोन्स यांनीं आपण होऊन एक दंडाचा फटका लावून घेतला. शेवटीं त्यांची विली मॅकफार्लेन यांच्याशीं बरोबरी झाली आणि निर्णायक खेळांत ते हरले. तो एक फटका लपविला असता तर विजय त्यांचाच होता.

दुसरें उदाहरण अर्जेंटिनाच्या रोबेर्तो दे विसेन्सो यांचें. या खेळांत स्पर्धेच्या वेळीं आपले फटके सोबतचा खेळाडू लिहितो, व आपण तपासून सही करावयाची असते. १९६८ च्या मास्टर्स स्पर्धेंत सतराव्या खळग्यास त्यांना तीन फटके लागले. सोबत्यानें चुकून चार लिहिले. दे विसेन्सो यांनीं न तपासतां सही केली. नियमाप्रमाणें सही झालेला मोठा आंकडा कायम राहिला, आणि एका फटक्यानें विजेतेपद बॉब गोल्बी यांच्याकडे गेलें. खरे फटके हजारो लोकांनीं पाहिले होते. पण सही ती सही. पहिली कथा प्रामाणिकपणाची, दुसरी सावधपणाची. चांगल्या नोंदीस दोन्ही लागतात.

आतां हें सर्व आपल्या शाळेस लावून पाहूं. आपल्याकडे मुलाचें मोल बहुधा एका दिवसावर ठरतें. त्या दिवशीं ताप आला, पेपर अवघड निघाला, तर घरीं वर्षभर बोलणीं बसतात. परीक्षा नको असें आम्ही म्हणत नाहीं. मैदानावरहि शेवटीं सामना खेळावाच लागतो. पण सामन्याखेरीज खेळाडूची एक ओळख असते, वीस फेऱ्यांतून सिद्ध झालेली, आणि ती अधिक खरी असते. ही पद्धति माणसास त्याच्या सर्वांत वाईट दिवसावरून जोखीत नाहीं, आणि एका भाग्याच्या दिवसावरूनहि डोक्यावर घेत नाहीं. वीसांतील आठ चांगले दिवस पाहून ती म्हणते, इतकें तुझ्या हातून होऊं शकतें. शिक्षकाचें व आईबापांचें बोलणें याहून निराळें कां असावें?

स्लोपचा धडाहि घेण्याजोगा आहे. वस्तीवरून पायपीट करीत येणारा, सकाळीं धारा काढून व संध्याकाळीं धाकट्यांस सांभाळून अभ्यास करणारा मुलगा कठीण मैदानावर खेळत असतो. त्याचे साठ गुण दुसऱ्याच्या सत्तरांहून सरस असूं शकतात. ९७ व ९२ चें गणित आठवावें. मात्र येथें एक विवेक हवा. मैदानाचा स्लोप खेळाडू स्वतः ठरवीत नाहीं; तज्ज्ञ मंडळी मोजून ठरवितात. म्हणून दुसऱ्याची अडचण आपण मोजावी. आपल्या अडचणींचें भांडवल आपण करूं नये.

आमची सूचना अगदीं साधी आहे. प्रत्येक विद्यार्थ्यानें एक कोष्टक सुरू करावें. संगणक नसेल तर दोनशें पानी वही पुरे. शंभर मीटर धांवण्यास लागलेला वेळ, तोंडी गणितांतील चुका, रोज वाचलेलीं पानें, यांपैकीं एकच गोष्ट निवडावी. वीस नोंदी झाल्या कीं उत्तम आठांची सरासरी काढावी, आणि पुढें दर नव्या नोंदीबरोबर तीच रीत चालू ठेवावी. वाईट दिवस गाळूं नये. आठ दिवस मोजावयाचे असले तरी बाकीचे बारा लिहावेच लागतात. शेजाऱ्याची वही मागूं नये. आणि आंकड्यांच्या नादीं लागून खेळाचा व वाचनाचा आनंद गमावूं नये. वही माणसाकरितां आहे, माणूस वहीकरितां नाहीं.

पालकांस विनंति एवढीच कीं "कितवा आलास?" या प्रश्नाआधीं "वही लिहिलीस का?" असें विचारावें, आणि त्यांत एखादा लाजिरवाणा आंकडा दिसला तर रागावूं नये, उलट तो लिहिण्याचें धैर्य दाखविल्याबद्दल मुलाची पाठ थोपटावी. ज्या घरीं खरा आंकडा लिहिल्याबद्दल मार बसतो, त्या घरीं मूल पुढच्या खेपेस खोटा आंकडा लिहावयास शिकतें.

शेवटीं प्रत्येक कारभाऱ्यास आपल्या कारभाराचा हिशेब द्यावाच लागतो, असें आमचा धर्म आम्हांस शिकवितो. इतर धर्मांची शिकवणहि याहून निराळी नाहीं. तो हिशेब मागणाऱ्यापुढें वही उघडतांना हात कांपूं नये, एवढी तयारी शाळेंतच व्हावी. आमच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत आंकडे लहान असोत वा मोठे, ते खरे असोत, हीच आमची प्रार्थना आहे.