वीज तुमची, राख आमची

साहेबलोकहो, भर मे महिन्यात मॉलमध्ये थंडी वाजते म्हणता. ती थंडी फुकट नाही. त्यासाठी खापरखेड्यात कोळसा जळते. शंभर किलो कोळशामागं तीस-चाळीस किलो राख. वीज तारेवरून जाते, राख आमच्याच उशाला राहते. जुलै 2022 मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखबंधारा फुटला, चिखल शेतांत शिरला. तुमचा एसी बंद पडला काय?

1943 साली मजूरमंत्री बाबासाहेबांनी वीज स्वस्त नि मुबलक मागितली, ती कारखाने उभे राहून गरिबी हटावी म्हणून. रात्रभर जाहिरातीच्या पाट्या उजळाव्या म्हणून नाही. वीज बंद करा म्हणत नाही मी. पंखा आमच्याही पोरांना पाहिजे. पण मॉलच्या बिलात राखेचे किती पैसे लावता, दाखवा ना.